‘गळती’ कुणाची? सुटलेली दहावी आणि आपला इतिहास

शिक्षण खात्याच्या कुठल्याही अहवालात एक शब्द हमखास सापडतो : ‘गळती’. प्राथमिक स्तरावरील गळती, माध्यमिक स्तरावरील गळती, मुलींची गळती, अनुसूचित जातींची गळती. खरे तर शब्द चांगला आहे. छप्पर गळते तेव्हा आपण पावसाच्या थेंबाला दोष देत नाही, छपराकडे बघतो आणि ते बांधणाऱ्याला जाब विचारतो. शाळा गळते तेव्हा मात्र सगळा दोष थेंबाचा. ‘पोराचं डोकंच चालत नव्हतं’, ‘आईबापालाच शिक्षणाची किंमत नाही’, ‘त्यांच्यात मुलींची लग्नं लवकर होतात’. ही वाक्ये शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतात, सरकारी बैठकीत ऐकू येतात आणि आता आपल्यातल्या सुस्थित घरांतही ऐकू येऊ लागली आहेत.

नाव कमी झाल्यावर हातात जो कागद पडतो त्याचे नावसुद्धा बघा. ‘शाळा सोडल्याचा दाखला’. सोडली कुणी? मुलाने! त्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात ‘सतत गैरहजर’ किंवा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिलेले असते. ‘गावात सातवीपर्यंतच शाळा होती’, ‘आईवडील ऊसतोडीला गेले आणि धाकटी भावंडे सांभाळायला मुलीला सोबत जावे लागले’, ‘वर्गात जातीवरून बोलले गेले’ असे कारण लिहिलेला एकही दाखला आम्ही वस्त्यांमध्ये इतकी वर्षे काम करूनही पाहिलेला नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की सुटलेली दहावी-बारावी पूर्ण करण्याचे मार्ग आता मोबाइलवर येऊन पोहोचले आहेत आणि तरुण आम्हाला तीन प्रश्न विचारतात. पंचविशीत दहावी करता येते का? ऑनलाइन केलेली दहावी चालते का? आणि तिसरा, जो मोठ्याने विचारला जात नाही : लोक हसतील का? पहिल्या दोघांची उत्तरे नियमांत आहेत आणि ती पुढे दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. म्हणून सुरुवात तिथून.

क्रांतिसूर्य जोतिराव फुले यांचा फोटो आपल्या प्रत्येक कार्यक्रमात असतो. पण जोतिराव हे स्वतः शाळा सुटलेले विद्यार्थी होते, हे किती भाषणांत सांगितले जाते? त्यांचे वडील गोविंदराव यांनी मुलाला मराठी शाळेत घातले होते. गोविंदरावांच्या दुकानातल्या ब्राह्मण कारकुनाने कान भरले, मुलगा शिकून काय करणार, बिघडेल, आणि जोतिरावांचे नाव शाळेतून काढले गेले. मुलगा मळ्यात कामाला लागला. आजच्या भाषेत ‘शाळाबाह्य मूल’. पुढे गफ्फार बेग मुन्शी या मुस्लिम शेजाऱ्याने आणि लिजिट या इंग्रज गृहस्थाने गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतिराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय चौदाच्या आसपास होते. १८४७ साली त्यांचे तिथले शिक्षण पूर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

या घटनाक्रमात मध्ये जी दोन-तीन वर्षे रिकामी दिसतात ती आम्हाला फार महत्त्वाची वाटतात. ती रिकामी वर्षे कायम राहिली असती तर काय झाले असते याची कल्पना करा. भिडेवाडा नाही, १८५२ ची अस्पृश्यांसाठीची शाळा नाही, ‘गुलामगिरी’ नाही. जोतिरावांना बुद्धी कमी होती म्हणून ती वर्षे गेली का? एका कारकुनाच्या सल्ल्याने गेली. आणि ती भरून निघाली ती कुणीतरी घरी येऊन बापाशी बोलले म्हणून. कार्यकर्त्यांनी गफ्फार बेग मुन्शी हे नाव लक्षात ठेवावे. गळती रोखणारा कार्यकर्ता कसा असतो याचे आपल्या इतिहासातले ते आद्य उदाहरण आहे.

स्वतः या अनुभवातून गेलेल्या माणसाने पुढे काय केले तेही बघा. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीमाई यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. सावित्रीमाई स्वतः लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या. म्हणजे नवऱ्याची शाळा सुटलेली आणि बायकोची कधी सुरूच न झालेली, अशा जोडप्याने ही शाळा चालवली. ज्याला दिवसा यायला जमत नाही त्याच्यासाठी शाळेने आपली वेळ बदलायची, हा विचार त्या एका कृतीत आहे. आज ज्याला ‘लवचीक शिक्षण’ म्हणून परिषदा भरवल्या जातात तो हाच विचार.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी निवेदन दिले. सरकारी तिजोरीतला पैसा बहुतांशी रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, हे त्यांनी तिथे आकांताने मांडले. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी केली. आणि गरिबांची मुले शाळेत का येत नाहीत याचे कारणही सांगितले : दारिद्र्य. मुलांना गुरे राखावी लागतात, शेत सांभाळावे लागते. म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसे द्या. ‘आईबापाला किंमत नाही’ या आरोपाला दिलेले हे उत्तर जवळपास दीडशे वर्षे जुने आहे. तरीही तो आरोप अजून जिवंत आहे.

आता १९२७ कडे या. मार्च १९२७ म्हटले की आपल्याला महाड आठवते, २० मार्चचे चवदार तळे आठवते. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे होते. त्या भाषणात त्यांनी जो आकडा ठेवला तो प्रत्येक आंबेडकरी तरुणाला पाठ असायला हवा. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या दर शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत परत जातात. शंभरातली ब्याऐंशी! बाबासाहेबांनी त्या ब्याऐंशी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी सरकारचा हिशेब काढला. शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करणारे सरकार दारूवरील कराच्या रूपाने त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले आणि निदान वसुलीइतका तरी खर्च शिक्षणावर करा, अशी मागणी केली.

गळती हा अर्थसंकल्पाचा प्रश्न आहे, चारित्र्याचा नाही, ही मांडणी तिथे पहिल्यांदा इतक्या स्वच्छ शब्दांत झाली. पाण्याच्या हक्कासाठी निघण्याच्या आठवडाभर आधी हा माणूस चौथीच्या आत शाळा सुटणाऱ्या मुलांबद्दल बोलत होता. तळे आणि शाळा या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या लढाया नव्हत्याच. आपण मात्र एका लढाईचा दरवर्षी स्मरणदिन पाळतो आणि दुसरीची तारीखही आपल्याला ठाऊक नसते.

बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षणही सरळ रेषेत झालेले नाही. १९०७ साली मॅट्रिक, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, १९१३ साली कोलंबिया, १९१६ साली लंडन. आणि १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करता येईल एवढी सवलत विद्यापीठाकडून त्यांनी घेऊन ठेवली होती. मग बडोद्याची नोकरी आणि तिथला तो अपमान, मुंबईत सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पैसे साठवणे, शाहू महाराजांची मदत, आणि १९२० साली पुन्हा लंडन. तेव्हा त्यांचे वय २९ होते. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. आज कुठल्याही प्रवेशाच्या अर्जासोबत वर्ष वाया गेलेल्या मुलाकडे ‘गॅप सर्टिफिकेट’ मागतात, प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायला लावतात की या काळात मी काय करत होतो. त्या हिशेबाने बाबासाहेबांचा गॅप तीन वर्षांचा भरतो.

कुणी म्हणेल, विश्वविद्यालयातल्या त्या खंडाची तुलना नववी सुटलेल्या पोराशी कशी करता? पातळी वेगळी आहे, मान्य. कारण मात्र एकच आहे. पैसा संपला की शिक्षण थांबते, आणि परत येण्याची वाट नियमात लिहिलेली असेल तरच परत येता येते. लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षे दार उघडे ठेवले नसते तर? म्हणूनच ‘परत येण्याची वाट’ ही दयाबुद्धीने दिलेली सवलत नाही, तो शिक्षणव्यवस्थेचा अनिवार्य भाग आहे, असे आम्ही मानतो.

आणि ही वाट बाबासाहेबांनी इतरांसाठीही बांधली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्या कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थी दहा-साडेदहाला कचेरीत, दुकानात, गोदीत कामावर हजर व्हायचे असत. नोकरी करणाऱ्याने शिकायचे तर कॉलेजने त्याच्या ड्युटीप्रमाणे भरायला हवे. १८५५ ची रात्रशाळा आणि १९४६ चे सकाळचे कॉलेज एकाच सुतात ओवलेले आहेत. गिरणगावात, गोदीच्या परिसरात जी रात्रीची हायस्कुले उभी राहिली त्यांच्या बाकांवर हॉटेलात कपबश्या विसळणारी, गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेली, घरगडी म्हणून राहिलेली मुले बसली. त्यांच्यातून कारकून झाले, शिक्षक झाले, युनियनचे पुढारी झाले. मुली मात्र त्या बाकांवर फारच थोड्या दिसल्या, कारण रात्री नऊनंतर चाळीत परतणाऱ्या मुलीला समाज काय म्हणतो ते सांगायला नको. ही उणीव लक्षात ठेवा, पुढे ऑनलाइनच्या चर्चेत ती कामाला येईल.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९४४ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी जी शिष्यवृत्ती बाबासाहेबांच्या प्रयत्नाने सुरू झाली तिचे नाव ‘पोस्ट मॅट्रिक’. मॅट्रिकच्या पुढची. आज आपली हजारो मुले जी ‘भारत सरकारची स्कॉलरशिप’ घेऊन कॉलेज करतात ती हीच. म्हणजे दहावीचा उंबरा ओलांडला तर बाबासाहेबांनी मिळवून दिलेले दार उघडते, नाही ओलांडला तर ते दार आपल्यासाठी नाहीच. आयटीआयचे बहुतेक ट्रेड, पोलीस भरती, नर्सिंग, बँकेतले साधे पद, सगळ्याची पहिली पायरी हा एक कागद. म्हणून दहावीबद्दल आम्ही इतके हटून बोलतो. बारा बलुतेदारीतून सुटका करून घेतलेल्या समाजाच्या मुलांना नव्या शहरी बलुत्यात, म्हणजे हाउसकीपिंग, सिक्युरिटी, डिलिव्हरी यांतच अडकवून ठेवायला एक नापास दहावी पुरते.

संविधान सभेतला एक प्रसंगही या संदर्भात वाचायला हवा. २३ नोव्हेंबर १९४८. चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालू होती आणि ते फक्त प्राथमिक शिक्षणापुरते ठेवा अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता : चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावायचे नाही असे आपण दुसऱ्या कलमात म्हटले आहे, मग ते मूल त्या वयापर्यंत शाळेतच असले पाहिजे. कामाचे वय आणि शाळेचे वय त्यांनी एकमेकांना जोडले. कलम ४५ ने दहा वर्षांची मुदत दिली, ती १९६० साली संपली. हक्क म्हणून कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले. जोतिरावांच्या मागणीनंतर १२८ वर्षे! आणि तो कायदाही आठवीला येऊन थांबतो. नववी-दहावी, जिथे मुले सर्वाधिक सुटतात, तिथे हक्कच संपतो. त्यात २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती करून शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मुलांनी हातभार लावायला मुभा दिली गेली. ‘घरचा धंदा’ याचा जातिव्यवस्थेत काय अर्थ होतो ते आपल्या वाचकांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

तर ज्यांचे सुटले त्यांच्यासाठी आज वाट कोणती?

महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असलेली वाट म्हणजे ‘सतरा नंबर’. राज्य मंडळाकडे खाजगी विद्यार्थी म्हणून नमुना क्रमांक १७ भरायचा आणि नियमित मुलांसोबत तीच दहावी-बारावी द्यायची. पूर्वी हा फॉर्म मिळवायला चार हेलपाटे पडायचे, आता तो मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. संपर्क केंद्र म्हणून एक शाळा मिळते. प्रश्नपत्रिका तीच, गुणपत्रिका त्याच मंडळाची. अडचण एवढीच की परीक्षेचा साचाही नियमित मुलाचाच असतो आणि वर्षभर शिकवणारे कुणी नसते.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. १९७९ साली सीबीएसईच्या एका छोट्या प्रकल्पातून ती सुरू झाली, १९८९ साली स्वायत्त संस्था झाली, १९९० साली तिला स्वतःची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला आणि २००२ पासून ती सध्याच्या नावाने चालते. वय चौदा पूर्ण असले की माध्यमिकला, म्हणजे दहावीला, प्रवेश. वरची वयोमर्यादा नाही. पाच विषय निवडायचे. सगळे एकदम द्यायची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय जमा राहतो. दहावीला मराठी माध्यमही आहे. गणिताला घाबरून नववी सोडलेल्या मुलीला इथे गणिताशिवायही दहावी होता येते, मात्र पुढे काय करायचे आहे ते ठरवूनच विषय निवडावेत. नाहीतर दोन वर्षांनी तेच गणित आडवे येते. राज्य मंडळाच्या छत्राखाली महाराष्ट्राचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आता आहे. प्रवेश, पुस्तके, पाठांचे व्हिडिओ हे सगळे ऑनलाइन आहे. २०२१ साली एनआयओएसने आभासी शाळाही सुरू केली.

रात्रशाळेत मुली का नव्हत्या ते वर सांगितले. मोबाइलवरच्या पाठाला रात्री नऊचा रस्ता ओलांडावा लागत नाही. लग्न होऊन गेलेल्या, दोन मुलांची आई झालेल्या, धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बायकांसाठी हा बदल लहान नाही. पण घरात मोबाइल एक आणि तो नवऱ्याच्या खिशात, हेही वास्तव आहे. शिवाय दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि फॉर्म तिथेच अडतो. आमचा अनुभव असा की अभ्यासापेक्षा या कागदांनीच जास्त बायका माघारी फिरतात. नाव बदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आधी काढून ठेवले तर निम्मे काम होते.

तेच दाखल्यावरील जातीच्या नोंदीचे. आपल्यातल्या कित्येकांच्या दाखल्यावर कुठे ‘हिंदू महार’, कुठे ‘बौद्ध’, कुठे ‘नवबौद्ध’ असे असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण जात प्रमाणपत्र आणि पडताळणी जुन्या नोंदींवरच चालते. शाळा सुटल्यावर जुन्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती करून घेणे फार कठीण. म्हणून मुळातला दाखला जपून ठेवा, लॅमिनेशनच्या नादात त्यावरचा शिक्का घालवू नका.

आता ‘ऑनलाइन’ या शब्दाबद्दल सावध. ‘महिन्याभरात घरबसल्या दहावी, परीक्षेशिवाय’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. मान्यताप्राप्त मंडळाची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. अभ्यास ऑनलाइन, परीक्षा प्रत्यक्ष. जो परीक्षेशिवाय गुणपत्रिका देतो तो कागद विकतो आहे. असा कागद घेऊन भरतीत पकडले गेले तर नोकरी तर जातेच, गुन्हाही दाखल होतो. पैसे घेणारा तोवर नाव बदलून दुसरे दुकान थाटतो. या धंद्यांचे गिऱ्हाईक कोण? ज्याला पुन्हा शाळेत जायची लाज वाटते तो. लाज जितकी जास्त तितका त्यांचा गल्ला मोठा.

लाजेचा प्रश्न फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९४२ साली, शाळा अर्धी टाकून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी ‘जीईडी’ नावाची समकक्षता परीक्षा तयार झाली आणि १९४७ साली न्यूयॉर्क राज्याने ती सामान्य नागरिकांना खुली केली. लाखो लोकांनी तिच्या आधारे हायस्कूलची पात्रता मिळवली. पण १९९३ साली कॅमरून आणि हेकमन या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की कागदावर समकक्ष असलेल्या या लोकांना बाजारात मात्र हायस्कूल केलेल्यांइतकी किंमत मिळत नाही. आपल्याकडेही तेच झाले. वैद्यकीय प्रवेशासाठी मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी अपात्र, असा नियम होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. परिस्थितीमुळे नियमित शाळेत जाऊ न शकलेला विद्यार्थी कमी लायकीचा, हे गृहीतकच न्यायालयाला मान्य झाले नाही. ‘मेरिट’ नावाच्या मनुवादी मोजपट्टीला मिळालेला हा फटका आपल्या चळवळीत पुरेसा पोहोचलेला नाही, याची खंत वाटते.

इथे दुसरी बाजूही ठामपणे मांडतो. मुक्त शाळा आहे, ऑनलाइन पाठ आहेत, म्हणून आता गावोगाव शाळा कशाला, असा सूर सरकारदरबारी वाढतो आहे. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करून मुलांना लांबच्या समूह शाळेत पाठवण्याची भाषा होते. २०१७ साली एका शासन निर्णयाने, दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांची रात्रशाळेतली सेवा थांबवली गेली आणि मुंबईतल्या कित्येक रात्रशाळा खिळखिळ्या झाल्या. जोतिरावांच्या १८५५ च्या शाळेची ही लेकरे. परत येण्याची वाट ही बाहेर पडलेल्यासाठी असते. बाहेर ढकलण्याचे निमित्त म्हणून ती वापरायची नसते. छप्पर दुरुस्त न करता खाली बादली ठेवणाऱ्याला आपण गवंडी म्हणत नाही. सतरा नंबर आणि मुक्त विद्यालय या बादल्या आहेत. त्या हव्यातच, कारण घरात पाणी साचले आहे. पण बादली दाखवून कुणी छपराचे पैसे वाचवू पाहत असेल तर विधिमंडळात १२ मार्च १९२७ ला विचारलेला हिशेब पुन्हा विचारावा लागेल.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे. दरवर्षी जून-जुलैमध्ये विहाराविहारांत, मंडळामंडळांत ‘गुणवंतांचा गुणगौरव’ होतो. नव्वद टक्केवाल्यांना ट्रॉफी, शाल, फोटो. चांगली गोष्ट आहे. पण ज्या बाईने चार घरची भांडी घासून, तिसऱ्या संधीत इंग्रजी काढून, अडतिसाव्या वर्षी ४१ टक्क्यांनी दहावी केली तिचे नाव त्या यादीत नसते. मंडळाच्या पोरांना विचारले तर म्हणतात, ‘अहो, तिने सतरा नंबरने केली ना!’ हे वाक्य आपल्या तोंडी कुठून आले? ज्या समाजाचे पहिले शिक्षक स्वतः शाळा सुटलेले होते त्या समाजात?

कार्यकर्त्यांनी यंदा एक काम हाती घ्यावे. आपल्या वस्तीत चौदा ते चाळीस वयाच्या किती जणांची दहावी राहिली आहे त्याची यादी करा. घरोघर जा; आधी आईबापाशी, सासूशी, नवऱ्याशी बोला. प्रत्येकाचा मूळ दाखला कुठे आहे ते बघा. हरवला असेल तर शाळेत अर्ज करून दुय्यम प्रत काढायला लागतो तेवढा वेळ हातात ठेवा. विहाराच्या अभ्यासिकेत आठवड्यातून तीन रात्री गणित आणि इंग्रजी घेणारे दोन पदवीधर प्रत्येक वस्तीत मिळतात, त्यांना गाठा. फॉर्मच्या तारखा राज्य मंडळाच्या आणि एनआयओएसच्या अधिकृत संकेतस्थळांवरच पाहा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर नको. आणि निकाल लागल्यावर गुणगौरवाचे पत्रक छापायला देण्याआधी ही यादी पुन्हा एकदा काढा.